रिकाम्या खेपांचे डायवरमामा

डायवरमामा रिकाम्या गाडीलासुद्धा "जरा सरकून बसा" म्हणायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकून मागे वळून पाहिलं. मागे पाच बाकं होती आणि पाचही मोकळी. गाडीत मी एकटी, पुढच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसलेली. तरी मुर्ध्याच्या नाक्यावर त्यांनी गाडी थांबवली, भोंगा दोनदा दाबला, डोकं बाहेर काढून "चला डोंगरी, उत्तन!" अशी आरोळी ठोकली. कोणी आलं नाही. मामांनी खिशातलं घड्याळ काढून दोन मिनिटं वाट पाहिली आणि मग मान मागे वळवून, "जरा सरकून बसा, पुढं राई हाय," असं त्या मोकळ्या बाकांना बजावून गाडी सोडली. माणूस वेडा आहे की काय, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, पुढच्या नाक्यावर उतरून परत जावं असंही वाटलं. पण बाहेर आषाढाचा पाऊस होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं पाण्याखाली गेली होती. उतरून जाणार कुठे?

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. डोंगरीच्या मराठी शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि राहायला मी गोडदेवला एका दूरच्या मावशीकडे होते. आता गोडदेवात उभं राहिलं तर समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. तेव्हा मावशीच्या ओट्यावरून पार खाडीपर्यंत भातखाचरं दिसायची. रोज सकाळी मी बांधावरून भाईंदर स्टेशनात यायचे, रूळ ओलांडून पलीकडे जायचे आणि मामांच्या सर्व्हिस मोटारीत बसायचे. भाईंदर ते उत्तन, मध्ये मुर्धा, राई, मोर्वा आणि डोंगरी. जेमतेम तीन कोसांचा रस्ता, पण पावसाळ्यात तो किती कोसांचा होईल हे चिखलावर असायचं.

गाडी चालवणारे मामा, तिकीट फाडणारे मामा आणि कोळसा घालणारेही मामाच. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून गाडीच्या पाठीला कोळशाची उंच भट्टी बसवलेली होती. ती पेटून तिच्या वायूवर इंजिन सुरू व्हायला पाऊण तास लागे. कोळसा दमट असला की तास. तेवढा वेळ मामा भट्टीचा पंखा हाताने फिरवत उभे असत. कोणी घाई केली की म्हणत, "तिचा चाय व्हायचा हाय अजून. उपाशीपोटी तू तरी चालशील काय?" चेहरा कोळशाने काळा झालेला असे, पण खाकी कोट मात्र धुतलेला आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मला ते 'बाई' म्हणत आणि 'तू'ही म्हणत, दोन्ही एकाच वाक्यात. "बाई, तू पुढं बस. पाठीमागं गळतं." त्यांच्या बोलण्यात ते विचित्र वाटत नसे.

खरं नाव पास्कू. ते फक्त चर्चमधले पाद्री घेत. उत्तनपासून स्टेशनापर्यंत लहानथोर सगळे त्यांना डायवरमामाच म्हणत. तरुणपणी ते मुंबईत एका पारशी डॉक्टरांची मोटार चालवायचे. डॉक्टर गेल्यावर जवळ होतं ते घालून त्यांनी ही जुनी लॉरी घेतली, तिच्यावर लाकडी सांगाडा चढवला, पावसासाठी बाजूंना ताडपत्रीचे पडदे लावले आणि गावी परत आले. डोंगरीत त्यांचं घर म्हणजे भावाच्या घराला लागून असलेली एक खोली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एकदा मी सहज विचारलं, "मामा, घरी गेल्यावर काय करता?" तर म्हणाले, "काय करनार? बोलायला भिंत हाय, ती पन अर्धी भावाची." हे त्यांनी हसत सांगितलं, म्हणून मीही हसले.

गंमत म्हणजे हा माणूस चाकावर बसला की अखंड बोलायचा आणि पाय जमिनीला लागले की मुका व्हायचा. डोंगरीच्या सणाला एकदा मला ते चर्चच्या अंगणात दिसले. सगळीकडे माणसं घोळक्याने उभी, आणि हे भिंतीच्या कडेला हातात टोपी धरून, कुठल्याच घोळक्यात नाहीत. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, ओळख विसरलात वाटतं?" त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर आपण होऊन म्हणाले, "राग धरू नको बाई. गाडीभायेर मला बोलायला जमत न्हाय. मानसं इचारतात कसा हाय, आनि सांगायच्या आत पुढं जातात. गाडीत कशी, उत्तन येईपर्यंत कोन कुठं जात न्हाय."

मला ते पटलं, कारण माझ्याशीही तेव्हा फारसं कोणी बोलत नसे. माझं लग्न ठरून मोडलं होतं. कारण सांगण्यासारखं नव्हतं. म्हणजे माझ्या बाजूचं काहीच नव्हतं, पण ते ऐकायला कोणाला वेळ होता? मावशीच्या घरी सगळे माझ्याशी जपून बोलत, आणि जपून बोलायचं म्हटलं की माणसं बोलतच नाहीत. शाळेत मुख्य गुरुजी आणि मी, दोघंच. गुरुजी कानाने अधू. त्या पावसाळ्यांत दिवसाकाठी माझं खरं बोलणं व्हायचं ते मामांशी, जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास.

ते बोलत ते माणसांविषयी. कोणत्या दिवशी कोण बसलं, कशासाठी बसलं, उतरताना काय म्हणालं, सगळं त्यांना पाठ. "गेल्या गुरवारी राईची नर्मदा बसली व्हती. सुनेला बघायला चालली व्हती. मुलगा झाला. नाव काय ठेवलं ते अजून समजलं न्हाय, ती परत बसली की इचारतो." नर्मदा पुन्हा दिवाळीपर्यंत बसली नाही, पण मामांनी महिनाभर त्या बाळाचं नाव काय असेल याचे अंदाज बांधले. भरल्या हंगामात माणसांची इतकी दाटी असे की त्यांना कोणाची आठवण काढायला फुरसत नसे. पावसाळ्यात मात्र एकेक उतारू ते आठवडाभर पुरवून पुरवून वापरत.

आता हे पावसाळ्याचं प्रकरण सांगायला हवं, कारण सगळं त्यावर अडलेलं होतं. आठ महिने गाडीला मरण नव्हतं. उत्तनच्या कोळणी मासळीच्या टोपल्या घेऊन स्टेशनाला जात, मिठागरांवरची माणसं ये-जा करत. टोपल्या टपावर टाकायच्या असा मामांचा कायदा होता आणि त्यावरून रोज भांडण होई. रोजाबाय नावाची एक धिप्पाड कोळीण होती, सगळ्या बाजारकरणींची पुढारी. ती माझ्याकडे बोट करून म्हणे, "बाईला गादी आनि आमच्या म्हावऱ्याला टप? म्हावरं हाय म्हनून तुजी गाडी हाय, डायवर!" मामा म्हणत, "तुजं म्हावरं बोलत न्हाय रोजाबाय, वर गप बसतं. तू पन वर बसतेस काय?" पण जेठ महिना लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, टोपल्या घरात उपड्या पडत, मिठागरं बंद होत. गाडीत मी, कधी टपालाची थैली, कधी एखादा आजारी. गाडी भरलेली असो की रिकामी, भट्टीला कोळसा तेवढाच लागतो.

पूर्वी म्हणूनच मामा पावसाळ्यात गाडी बंद ठेवायचे आणि सारा किनारा चार महिने तुटून पडायचा. मग गावच्या वडीलधाऱ्यांनी आणि पाद्रींनी मिळून अर्ज केला, आणि जिल्ह्याच्या कचेरीतून मदत मंजूर झाली. पावसाळ्यात गाडीला जी तूट येईल ती सरकारने भरून द्यायची. अट एकच: दिवसाच्या दोन खेपा, ठरल्या वेळी, उतारू असोत वा नसोत. मामांनी त्या कागदावर अंगठा उठवला, आणि तेव्हापासून कोटाची बटणं गळ्यापर्यंत लागू लागली.

स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात बसणारी मंडळी त्यांची टर उडवायची. "अरे डायवरमामा, ठाण्याहून कोण बघायला येतो? एक खेप कर, दोन सांग." मामा चहा बशीत ओतत म्हणत, "सरकार बघत न्हाय. पन उत्तनची म्हातारी बघते. गाडी येनार म्हनून ती छत्री घेऊन उभी रायली, तर?"

"कुठली म्हातारी?"

"कुठली पन."

अशी म्हातारी उभी असल्याचं मी कधी पाहिलं नाही. शाळेला सुट्टी असताना एकदा मी राईला शाळेतली एक मुलगी आजारी म्हणून तिच्या घरी गेले होते. दुपारी तिच्या ओटीवर बसले असताना मामांची गाडी आली. आत कोणीही नव्हतं, मीसुद्धा नव्हते. तरी गाडी थांबली, भोंगा दोनदा वाजला, आरोळी झाली, घड्याळ निघालं. दोन मिनिटं तो माणूस त्या पावसात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने बघत बसला होता. मी हाक मारणार होते, पण माझ्याच्याने मारवली नाही. इतका एकटा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि आपणही असेच दिसतो की काय, ही भीती मला त्या ओटीवर पहिल्यांदा वाटली.

दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात कचेरीचा लखोटा आला. मामांनी तो दोन दिवस कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि मग माझ्या हातात दिला. मी गाडीतच वाचून दाखवला. सदर सर्व्हिसची लोकांस कितपत आवश्यकता आहे हे समक्ष पाहण्याकरिता एक अधिकारी अमुक दिवशी येतील आणि दिवसभर गाडीतून फिरतील, त्यावरून मदतीचा पुढील विचार होईल, असा मजकूर होता. मामांनी गाडी बाजूला उभी केली. "पुढला इचार म्हंजे काय, बाई?"

"म्हणजे मदत चालू ठेवायची की बंद करायची ते ठरणार."

"बंद झाली तर पावसात गाडी बंद." ते जरा वेळ काचेवरचं पाणी बघत राहिले. "चार महिने मी काय करू?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, आणि मी ठरवलं की ही मदत बंद होऊ द्यायची नाही. आता मी पडले मास्तरीण. शाळेत दिपोटी तपासणीला येणार असले की आम्ही काय करत असू? गैरहजर पोरांना घरोघर जाऊन ओढून आणत असू आणि बाकं भरत असू. भरलेली शाळा राहते, रिकामी शाळा बंद पडते, एवढं सरकार मला माहीत होतं. मी तोच हिशेब गाडीला लावला. साहेबांना रिकामी बाकं दिसली तर ते म्हणतील, ही गाडी हवी आहे कोणाला? तेव्हा बाकं भरायची. मामांना न सांगता मी मुलांकरवी घरोघर निरोप धाडले, आणि स्वतः उत्तनला जाऊन रोजाबायला भेटले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लुगड्याचा पदर खोचला. "डायवरची गाडी बंद करतात काय? येऊं दे तुज्या सायबाला."

साहेब आले तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. रेनकोट घातलेला, सभ्य, मृदू बोलणारा गृहस्थ, हातात वही. मी त्या दिवशी शाळेतून रजा घेतली होती. तो पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसला आणि गाडी निघाली. मुर्ध्याला भोंगा वाजायच्या आतच नाक्यावर दहा-बारा माणसं उभी. राईला तितकीच. डोंगरीला बायका सणाची लुगडी नेसून, गळ्यात सोनं घालून, डोक्यावर इरली घेऊन आलेल्या. उत्तनला तर रोजाबायने अख्खा बाजार उभा केला होता. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं ते सगळे त्या दिवशी कुठेतरी निघाले होते. बसायला जागा उरली नाही तेव्हा माणसं उभी राहिली, उभं राहायला उरली नाही तेव्हा पायरीवर लोंबकळली. दुपारच्या खेपेला भाईंदरहून माझी मावशी चढली. जन्मात ती रुळांच्या या बाजूला आली नव्हती. ती फराळाचा डबा घेऊन आली होती आणि साहेबांना तिने बळेबळे दोन लाडू दिले.

साहेब बायकांना विचारत, "तुम्ही रोज या गाडीने जाता?"

"रोज!" एका सुरात उत्तर.

"भर पावसातसुद्धा?"

"पावसात तर जास्ती!" रोजाबाय म्हणाली.

मोर्व्याच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "आजोबा, कुठे निघालात?"

"भाईंदरला."

"काय काम काढलंत?"

म्हाताऱ्याला काम काही सुचेना. तो म्हणाला, "तिथून उत्तनला जायचं हाय." साहेबांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. इतकी खुशीत मी कित्येक वर्षांत नव्हते. मामा मात्र त्या दिवशी चाकावर असून एक शब्द बोलले नाहीत. मधूनमधून समोरच्या छोट्या आरशात मागची माणसं पाहत होते. मला वाटलं, साहेबांच्या धाकाने गप्प असतील.

पंधरा दिवसांनी दुसरा लखोटा आला. मामांनी या वेळी तो लगेच माझ्या हातात दिला. मी आधी मनात वाचला. सदर सर्व्हिस उतारूंच्या भाड्यावर, ऐन पावसाळ्यातही, उत्तम प्रकारे चालत असल्याचे समक्ष पाहण्यात आले. लोकांचा प्रतिसाद समाधानकारक आहे. सबब सर्व्हिसला तूट येण्याचे कारण दिसत नाही व या पावसाळ्यानंतर सरकारी मदत देण्याचे प्रयोजन उरत नाही.

"काय बोलतो सायब?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं. भरलेली शाळा राहते, पण भरलेली गाडी स्वतःच्या पायावर उभी आहे असं समजतात, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मदत होतीच मुळी रिकाम्या बाकांसाठी, आणि ती बाकं मी माणसांनी भरून टाकली होती. गावोगावच्या भल्या लोकांनी, पदरचे पैसे मोडून, पावसात भिजून, मामांची गाडी बंद पाडली होती. त्यांना गोळा केलं मी.

त्याच दिवशी मी कागद घेऊन बसले. सगळं खरं खरं लिहायचं, की त्या दिवसाचे लोक मुद्दाम आलेले होते, एरवी गाडी रिकामी धावते. त्यांना मी आणलं, एवढं मात्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज मामांना वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि परत दिला. "हा पाठवू नको, बाई."

"अहो पण मामा, दुसरा उपाय नाही!"

"साऱ्या गावांनी सायबाला तोंडावर सांगितलं, रोज जातो. आता तू लिवनार, खोटं बोलले. उद्या रस्त्याचा अर्ज गेला, इस्पितळाचा गेला, तर कचेरी बोलेल, उत्तनवाले खोटारडे. माज्यापायी न्हाय पायजे." मी हुज्जत घातली, रागावले, शेवटी रडलेही. पण त्यांनी ऐकलं नाही. मी अर्ज पाठवला नाही. पाठवायला हवा होता की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी मदतीशिवाय गाडी काढून पाहिली. जेठ कसाबसा गेला. आषाढात कोळसा आणायला काही उरलं नाही आणि एका सकाळी मी स्टेशनाबाहेर आले तर गाडी नव्हती. तासभर वाट पाहून मी चालायला लागले. शाळेत पोचले तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली होती. मग मी डोंगरीतच एका घरी खोली घेऊन राहू लागले. राईची एक अडलेली बाळंतीण त्या पावसाळ्यात डोलीतून स्टेशनाला नेली; वेळेत पोचली, देवाची कृपा. दिवाळीच्या सुमाराला मामांनी गाडी भिवंडीच्या कोणा माणसाला विकली. रोजाबाय माझ्याशी बोलेनाशी झाली. मदत कशाने बंद पडली ते तिला कोणीतरी समजावून सांगितलं होतं, आणि तिचा राग माझ्यापेक्षा स्वतःवर जास्त होता, हे मला तिच्या चालण्यावरून कळे.

मामांना मी क्वचित पाही. भावाच्या पडवीत खांबाला टेकून बसलेले असत. मी थांबून बोलायला जाई, पण मघा सांगितलं तसं, गाडीबाहेर त्यांना बोलणं जमत नसे. "बरा हाय," म्हणत आणि मी पुढे जायची वाट बघत. मला तर त्यांच्या समोर उभं राहवत नसे. असं वर्ष गेलं.

मग माझी बदली पालघरकडे झाली. निघायच्या दिवशी सकाळी सामान बैलगाडीतून पुढे धाडलं आणि दुपारी मी मामांच्या खोलीवर गेले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याजवळ बसले. खोलीत एक खाट, येशूची तसबीर, कोळशाच्या कळकट डागांचा तो खाकी कोट खुंटीला. मी कोटाकडे बघत म्हटलं, "मामा, त्या दिवशी माणसं मी गोळा केली होती. तुमची गाडी माझ्यामुळे गेली. इतके दिवस सांगायचं धाडस झालं नाही."

"मला माहीत हाय," ते म्हणाले. "त्याच दिवशी समजलं."

"म्हणजे? लखोटा आल्यावर?"

"न्हाय. राईला." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दहा मानसं मुर्ध्याला चढली, दहा राईला. सायब वहीत लिवत व्हता आनि खुशीत व्हता. मी मनात बोललो, पास्कू, सायब खुशीत आला, आता तुजं संपलं. कोळशाचा पैसा सरकार कशापायी देत व्हतं, ते मला न्हाय माहीत, तर कोनाला माहीत? मोर्व्याला गाडी थांबवून तुला सांगनार व्हतो, बाई, अर्धी मानसं उतरव."

"मग का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडले.

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली. मग खाली बघत म्हणाले, "माजी मार्था वारली तवा पावसाळा व्हता. गाडी बंद. मयताला सातजन व्हते, पाद्री धरून. मी कोनाला बोल लावत न्हाय, रस्ताच नव्हता, येनार कशी? पन मी तवापासून धरून चाललो व्हतो की आपल्यासाठी कोन येत न्हाय. आनि त्या दिवशी बघतो, तर सगळी आयली. सोनं घालून आयली. माज्यासाठी." त्यांनी मान वर केली. "त्यांना मी उतरवू? कोनाला उतरवू, तू सांग."

मी खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी उंबऱ्यात बसले. त्यानंतर ते बोलू लागले, गाडीत बोलायचे तसे. त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं, कोणाच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, माझ्या मावशीने लाडू देताना साहेबांना काय दटावलं, मोर्व्याचा म्हातारा उत्तनहून पुन्हा घरी कसा गेला. एकेक माणूस ते नावाने सांगत होते आणि कोणाचीही घाई नव्हती. अजून डोंगरीचीच माणसं चालली होती, उत्तनची यायची होती, तेव्हा माझं लक्ष अंगणातल्या उन्हाकडे गेलं. ते पार कुंपणापर्यंत सरकलं होतं. मला संध्याकाळची आगगाडी पकडायची होती आणि स्टेशनापर्यंत चालत जायचं होतं.

मी उठले. मामा म्हणाले, "बस ना बाई अजून. अजून रोजाबाय चढायची हाय."

"मामा, उजेड आहे तोवर निघायला हवं. चालत जायचं आहे."

"हां," ते म्हणाले. "चालत जायचं हाय. मंग नीघ तू."